देवाच्या घोड्याची आंघोळ

मी एकदा देवाचा घोडा चोरला आणि घरी आणून त्याला आंघोळ घातली. चोरी एक वेळ पचली असती. आंघोळ नडली.

वय अजाण होतं म्हणावं, तर तसंही नाही. पंचावन्न पूर्ण झाली होती. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवून, त्यातली शेवटची सहा मोठ्या बाई म्हणून मिरवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. आता नव्वदीला टेकल्यावर मागे वळून बघते, तर ती पंचावन्न वर्षांची बाई मला अगदी पोरसवदा दिसते. नाकावर चष्मा, हातात काळी छत्री, आणि जगात आपल्याला कळत नाही असं काही उरलेलंच नाही ही खात्री. तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. तेव्हा घालायला कुणी मोठं उरलं नव्हतं, हीच अडचण.

त्या सुमारास आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला. गडचिरोली तेव्हा चांद्याचीच एक तहसील. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, आणि इकडे मी शाळेच्या घंटेतून सुटले. या दोन्हींतली मोठी घटना कोणती, याबद्दल मला तरी शंका नव्हती. पहिले आठ दिवस मी रोज सकाळी साडेदहाला ओसरीवर मुद्दाम पाय पसरून बसत असे आणि मनात म्हणत असे, आत्ता झाली घंटा, होऊ दे. असं सुख पुन्हा क्वचितच लाभलं.

आमचे हे जंगल खात्यात कारकून होते. माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त होऊन ते मूल गावाच्या पुढे, सावली गावाकडे जाणाऱ्या वाटेवर, त्यांच्या गावी येऊन राहिले होते. गाव लहान. एक मोठं तळं, तळ्याखाली धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की जंगल. मीही तिथे गेले. जाताना सोबत रंगाची पेटी नेली.

पेटी शाळेने दिली होती. म्हणजे शाळेने शाल ठरवली होती. मीच निरोप धाडला की शाल नको, रंग द्या. मनात एक जुनी सल होती. ‘घ’ घोड्याचा शिकवताना मी फळ्यावर घोडा काढत असे, आणि दरवर्षी पहिलीतली एखादी चिमुरडी उभी राहून विचारत असे, “बाई, इथी बकरी काऊन काढली?” दरवर्षी मी खडू आपटून सांगत असे की हा घोडा आहे. तीस वर्षांत तीस मुली चुकीच्या असू शकत नाहीत, हे मला निवृत्तीच्या दिवशी उमगलं. तेव्हा ठरवलं, आता जनावरं काढायची. मनापासून शिकून काढायची. आणि घोडा तर येईपर्यंत सोडायचा नाही.

सुरुवात म्हशींपासून केली. म्हशींनी मला फार सांभाळून घेतलं. तळ्यात बसल्या की त्यांचे पाय दिसत नाहीत, आणि माझं घोडं पायांपाशीच अडत होतं. डोकं, शिंगं, पाठीवर एक बगळा, झालं चित्र. ह्यांनीही मान डोलावली. पण घोडा काढायला घोडा हवा, आणि आमच्या गावात घोडा नव्हता. बाजाराच्या दिवशी बांगड्या विकणारा कासार एक तट्टू घेऊन येई. मी कागद उघडला की ते तट्टू माझ्याकडे पाठ फिरवी आणि माशा हाकलायला पाय झाडत राही. मागचा पाय नेमका कुठे वाकतो, पुढे की मागे, हे मला शेवटपर्यंत ठरवता येईना.

एकदा ह्यांनी माझ्या खांद्यावरून डोकावून विचारलं, “खुर्ची का?”

“घोडा आहे.”

“असं होय. मग बसायला हरकत नाही.”

त्या रागात मी छत्री उचलून चालू लागले आणि चालता चालता शिवेवर पोचले. तिथे मोहाच्या झाडाखाली गावचा देव. मूर्ती नाही, शेंदूर लावलेले दोन दगड, आणि त्यांच्यापुढे मातीच्या घोड्यांचा ढीग. गोंड वाहत, ढिवर वाहत, कुणबीही वाहत. नवस बोलला की कुंभाराकडून घोडा करून आणायचा आणि देवापुढे उभा करायचा. एकदा उभा केलेला घोडा कुणी उचलायचा नाही, हलवायचा नाही, पुसायचासुद्धा नाही. उन्हापावसात फुटून त्याची पुन्हा माती होईपर्यंत तो देवाचा. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. पण भोळ्या समजुतींवर दरवर्षी भाषण ठोकणारी बाई मी. माझ्या डोळ्यांना तिथे देव दिसला नाही. दिसले ते घोडे, आणि त्यांचे दोन गुण. ते हलत नव्हते, आणि त्यांना गुडघे नव्हते! चार खुंट, वर पोट, पुढे मान. असा नमुना मला कुठे मिळणार होता?

ढिगातले जुने घोडे मोडके होते. सगळ्यांच्या पुढे एक नवाकोरा उभा होता, दीड वीत उंच, अंगावर चुन्याचे पट्टे. तोच उचलला. पदराखाली घेतला, वर छत्री धरली, आणि तळ्याच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, घरी आणला. त्याच्या गळ्यात लुगड्याच्या हिरव्या काठाची एक चिंधी बांधलेली होती. तिच्यामुळे मान नीट दिसेना, म्हणून सोडून शिवणाच्या डब्यात टाकली. काही वाया घालवायचं नाही, ही मोठ्या बाईंची शिस्त.

दोन दिवस मी त्याची चित्रं काढली. तिसऱ्या दिवशी वाटलं, अंगावर पावसाचा चिखल उडालाय, त्यामुळे आकार कळत नाही. शाळेत मळकी मुलगी आली की मी आधी तिला हातपाय धुवायला पाठवत असे. तोच न्याय. न्हाणीत पाट मांडला, घोडा ठेवला आणि काथ्या घेऊन घासू लागले. पावसाळ्यात कुंभाराचा आवा धड पेटत नाही, हे मोठ्या बाईंना कोण सांगणार? घोडा वरून भाजलेला, आतून कच्चा. आधी एक कान गेला. मग तोंड विरघळलं. दुसरा तांब्या ओतला तशी देवाचा घोडा माझ्या डोळ्यांदेखत खाली बसला. गुडघे नव्हते तरी बसला.

हे येऊन बघून गेले. म्हणाले, “आता जमेल तुला. म्हशीसारखा झालाय.”

मला तेव्हा हसू आलं. खरंच सांगते, हसले मी. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी ते विसरूनही गेले होते.

सकाळी मासेवाली आली. ती तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातली, पंचेचाळिशीची असेल. आठवड्यातून दोनदा मासे आणी आणि आमच्याच अंगणात बसून ते साफ करून देई. त्या दिवशी तिने मरळ आणली होती. विळ्यावर खवले काढता काढता म्हणाली, “बाई, पोरगी आली जी माझी. बाळंतपणाले.”

“कितवं गं?”

“तिसरं. पयले दोन हाती नाई लागले.” तिचा हात थांबला नाही.

मी लगेच मोठ्या बाई झाले. “मग या खेपेला दवाखान्यात ने. चांद्याला ने.”

“कशी नेऊ जी? नाल्याले पूर आहे, बंडी उतरत नाई. तिले दहा दिस आहेत अजून, पाणी काही दहा दिसांत हटत नाई.” मग जरा पुढे झुकून, गुपित सांगावं तशी बोलली, “पण या खेपेले मी पक्कं काम केलं. देवाले घोडा देल्ला.”

मी न्हाणीच्या दाराकडे बघितलं.

“मागच्या दोन टाइम देल्ला नोहोता, बाई. म्हटलं, लेकरू झाल्यावर देऊ. पण देव राह्यते तिकडं डोंगरावर. इकडं बाळंतीण अडली का आपण हाका मारतो, अन् त्याले पायी येवाले उशीर होते नं! म्हणून या टाइमाले घोडा आधीच उभा करून ठेवला. पोरीच्या लुगड्याचा हिरवा काठ फाडून बांधला गळ्यात. म्हणजे घर चुकाचं नाई त्याले.”

मी मरळीकडे बघत राहिले. मरळही माझ्याकडेच बघत होती.

“पोरगी लय भेत होती,” मासेवाली म्हणाली. “जेवे नाई, झोपे नाई. आता म्हणते, माय, घोडा उभा आहे नं, मंग झालं. काल पोटभर जेवली, बाई.”

ती गेल्यावर मी शिवणाचा डबा उघडला. चिंधी होती. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, काही गोष्टी वाया घालवलेल्या बऱ्या.

ह्यांना सांगितलं. हे चेष्टा करतील म्हणून मी तयार होते, पण त्यांनी केली नाही. “सांगून टाक तिला,” म्हणाले.

“आणि मुलीच्या कानावर गेलं म्हणजे?”

यावर ते उठले. छत्री घेतली आणि शेजारच्या गावच्या कुंभाराकडे गेले. दुपारी भिजून परत आले. आवा बंद. दसऱ्यापर्यंत घोडा होणार नाही.

मला देव डोंगरावर राहतो की नाही हे माहीत नव्हतं. आजही नाही. पण एक मुलगी त्या घोड्याच्या भरवशावर जेवायला लागली होती, आणि तो घोडा मी काथ्याने घासून मोरीत घालवला होता, एवढं नक्की माहीत होतं. घोडा हवा होता. मग तो मीच करायचा.

तळ्याकाठची माती ह्यांनी आणली. भुसा घालून मी मळली. आणि नमुन्यासाठी माझीच चित्रं समोर मांडली, तेव्हा कळलं की मी दोन दिवस काय काढत होते. एका चित्रात घोड्याला पाच पाय होते; पाचवं शेपूट असावं. दुसऱ्यात मान पोटातून निघत होती. एकही चित्र दुसऱ्या चित्राचा सख्खा भाऊ वाटेना. ज्या घोड्याकडे मी दोन दिवस टक लावून बसले होते, त्याच्याकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. मी माझ्या कागदाकडेच पाहत होते, आता छान दिसेल, मग छान दिसेल, असं.

शेवटी हे म्हणाले, “बघ नीट,” आणि अंगणातल्या छपराखाली हातपाय टेकून उभे राहिले. जंगल खात्याचे निवृत्त कारकून, चष्म्यासकट. “पाठ बघ. खांदे वर, मधे किंचित खोल, पुन्हा वर. आणि लवकर बघ, कंबर धरते माझी.”

मी खरंच बघितलं. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांची पाठ इतकी लक्ष देऊन पाहिली नव्हती.

तीन घोडे केले. पहिला वाळताना मानेत तडकला. दुसऱ्याचे पाय फाकले. तिसरा चुलीशी दोन दिवस सुकवला, मग परसात गोवऱ्या रचून भाजायला ठेवला. मासेवालीने सांगितलेल्या दहा दिवसांपैकी चार झाले होते. माझ्या मते वेळ भरपूर होता. पाचव्या दिवशी सकाळी हे तळ्यावरून झपझप आले आणि फाटकातूनच म्हणाले, “पोरीला पहाटेपासून कळा येताहेत.”

राखेतून घोडा चिमट्याने ओढला. चुन्याचे चार पट्टे मारले, ते त्याच्या गरम अंगावर चर्र करत वाळले. फडक्यात गुंडाळून, छत्रीखाली धरून मी पारीवरून पळत सुटले. पळाले म्हणजे काय, पंचावन्न वर्षांच्या मोठ्या बाई चिखलात जशा पळतील तशा. एक चप्पल तळ्यात गेली. ती अजून तिथेच असेल.

मोहाच्या झाडाखाली त्याच जागी घोडा ठेवला. तो डावीकडे कलला. पायाखाली खडा सारला, तर उजवीकडे कलला. दुसरा खडा सारला तेव्हा कसाबसा ठरला. गळ्यात हिरवी चिंधी बांधली. हात जोडायची सवय नव्हती, म्हणून शाळा तपासनिसाशी बोलावं तसं देवाशी बोलले, “हा मी केलाय. दिसायला कसाही असला तरी पाय चारच आहेत, मोजून घ्या. आणि उशीर करू नका.”

तिथून तशीच एका चपलेवर मासेवालीच्या अंगणात गेले. वळचणीला जाळी टांगलेली होती, त्यांच्याखाली बसले. आत सुईण होती, मासेवाली होती. मुलीचं कण्हणं बाहेर येत होतं. मधेच ती ओरडली, “माय, घोडा उभा आहे नं?”

“उभा आहे वो पोरी,” मासेवालीचा आवाज आला. “आत्ताच पाहून आली मी.”

 आत्ताच म्हणजे कधी? माझ्या आधी की माझ्या नंतर? पण तो विचार पुरा व्हायच्या आत आतून मूल रडलं. बारीक नाही, चांगलं टाहो फोडून. सुईण हसली, मासेवाली रडली, कुणीतरी थाळी वाजवली. मी उठायला गेले आणि उठताच येईना. मला गुडघे होते, पण ते दोन्ही गेले होते. तिथेच जाळ्यांखाली बसून मी मनसोक्त रडून घेतलं. शाळा सुटली तेव्हा मी सुटले असं मला वाटलं होतं. खरी सुटले त्या सकाळी.

मुलगी झाली होती. काळीसावळी, मुठी आवळलेली, आवाज आमच्या शाळेच्या घंटेइतका.

त्यानंतर मी घोडा शिकले. खरोखर शिकले. दसऱ्यानंतर आवा पेटला तशी कुंभाराच्या अंगणात जाऊन बसू लागले. मी पायांशी झटत असे, तेव्हा तो म्हणाला, “बाई, पायाच्या मागं नका लागू. पयले पोट पाहा. पोट बरोबर बसलं का पाय आपली जागा शोधतेत.” मग महिन्यातून एकदा मूलहून छोट्या रेल्वेगाडीने चांद्याला जायचं आणि टांग्याच्या अड्ड्यावर चार-चार तास बसायचं, हा नेम झाला. टांगेवाले सुरुवातीला विचारत, “कुठी जाचं, बाई?” मग विचारीनासे झाले, घोड्याचं तोंड माझ्याकडे करून टांगा उभा करू लागले. मागचा पाय कुठे वाकतो हे मला आता झोपेतही सांगता येतं. नातवंडांना विचारा, न विचारता सांगते म्हणून ती पळतात.

पण मासेवालीला मी काही सांगितलं नव्हतं. ती पूर्वीसारखी यायची, मासे साफ करायची, नातीच्या गोष्टी सांगायची, आणि मी मान खाली घालून कागदावर रेघा ओढत बसायचे. असे दोन महिने गेले. दिवाळीच्या आधी माझ्या हातचा पहिला धड घोडा आव्यातून निघाला. तो घेऊन मी तिच्या घरी गेले. नात तिच्या मांडीवर होती.

“हा घोडा देवाला उभा कर,” मी म्हटलं. “तुझा घोडा मी चोरला होता. तो मोडला माझ्या हातून. तिथे होता तो माझा.”

ती नातीच्या तोंडातून तिची मूठ काढत म्हणाली, “मालूम आहे मले.”

“कधीपासून?”

“त्याच दिसापासून. कळा वाढल्या तं सुईणीले बसवून मी देवाकडं धावली. पाहतो तं जागा खाली.  परत येऊन राह्यली होती, तं तुमी दिसल्या पारीवर, छत्रीखाली घोडा धरून पळून राह्यल्या होत्या. मी झाडामागं झाली. म्हटलं, बाईले लाज वाटन. तुमी गेल्यावर जाऊन पाहून आली, मंग बांध्यांतल्या जवळच्या वाटेनं तुमच्या आधी घरी पोचली.”

 मी स्वतःला फार हुशार समजत होते, आणि ही बाई, जिची लेक घरी अडली होती, ती मला लाज वाटू नये म्हणून झाडामागे उभी राहिली होती.

“अगं, मग मला दोन शब्द बोलायचे तरी!” मी म्हटलं. “आणि तो घोडा बघून तुला धीर आला? त्या तसल्या घोड्यावरून देव येईल, असं वाटलं तुला?”

ती इतकी हसली की मांडीवरची नात दचकली.

“नाई जी, त्याच्यावर कायचा बसते देव! त्यानं घोडा पाह्यला, अन् तसाच पायी पळत सुटला. म्हणून तं एवढ्या लवकर पोचला.”